दोघांतला खरा कोण?

जोडीने काम करणाऱ्या कुठल्याही दोन माणसांबद्दल आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ते ठीक आहे हो, पण दोघांतला खरा कोण?" शंकर-जयकिशन म्हटलं की कट्ट्यावर लगेच दोन तट पडतात. लक्ष्मीकांत-प्यारेलाल म्हटलं की चाली याच्या आणि वाद्यवृंद त्याचा, अशी वाटणी करून आपण मोकळे. सलीम-जावेदचं तर विचारूच नका. कुठला संवाद कोणाचा यावर रात्री जागवणारी मंडळी मला ठाऊक आहेत. जणू जोडी म्हणजे एक हुशार माणूस आणि एक त्याची सावली, आणि रसिक म्हणून आपलं काम काय, तर सावली कुठली ते शोधून काढायचं!

या सवयीला आधार द्यायला आपल्याकडे एक म्हणसुद्धा तयार आहे. भागीचं घोडं किवणानं मेलं. म्हणजे घोडा दोघांचा, बसणार दोघे, पण त्याच्या पाठीवरची जखम कोणी धुवायची यावर दोघे एकमेकांकडे बघत बसणार. म्हण खोटी आहे असं मी म्हणत नाही. शतकानुशतकं घोडे मेले असतील तेव्हाच ती रुळली. पण ही म्हण आपण इशारा म्हणून न वापरता निसर्गनियम म्हणून वापरतो, आणि माझं भांडण तिथे आहे. माझ्या मते "दोघांतला खरा कोण" हा प्रश्न नुसता अवघड नाही, तो चुकीचा आहे. आणि तो विचारत राहणारी माणसं चांगल्या जोड्या मोडायला हातभार लावतात.

हे सिद्ध करायला मी आपल्याकडचं उदाहरण मुद्दामच घेत नाही, कारण तिथे प्रत्येकाची मतं आधीच पक्की असतात. मी सध्या ज्या शहरात नोकरी करतो, त्या मिनियापोलिसमधल्या दोघांची गोष्ट सांगतो. जिमी जॅम आणि टेरी लुईस. नावं ऐकली नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. गंमत हीच आहे की त्यांची गाणी तुम्ही नक्की ऐकली आहेत. जॅनेट जॅक्सनची बहुतेक गाजलेली गाणी, बॉइज टू मेनचं 'ऑन बेंडेड नी', अशरचं 'यू रिमाइंड मी', मायकेल आणि जॅनेट या भावंडांचं 'स्क्रीम'. नव्वदच्या दशकात ज्यांच्याकडे केबल टीव्ही होता, त्यांच्या कानावरून हे सगळं गेलेलं आहे. अमेरिकेतल्या गाण्यांची जी बिलबोर्डची साप्ताहिक यादी असते, तिच्यात या दोघांची सोळा गाणी पहिल्या क्रमांकावर पोचली आहेत.

एक खुलासा आधी करतो. यांना इथे 'प्रोड्यूसर' म्हणतात, पण आपल्याकडचा निर्माता, म्हणजे पैसे घालणारे शेठजी, डोळ्यांसमोर आणू नका. पॉप संगीतातला प्रोड्यूसर म्हणजे आपला संगीत दिग्दर्शक, अ‍ॅरेंजर आणि बराचसा रेकॉर्डिस्ट, हे तिन्ही एकाच अंगरख्यात. यंत्रावर ताल बसवण्यापासून ते गायिकेचा कुठला 'टेक' ठेवायचा इथपर्यंत सगळं तोच ठरवतो. जॅम आणि लुईस शिवाय गाणी लिहितातही.

तर यातला जिमी जॅम, म्हणजे खरा जेम्स हॅरिस, जन्म १९५९, मूळचा मिनियापोलिसचाच. वडील 'कॉर्नब्रेड' हॅरिस या नावाने गावात ओळखले जाणारे पियानोवादक. टेरी लुईस त्याच्यापेक्षा अडीच वर्षांनी मोठा, जन्म नेब्रास्कातल्या ओमाहाचा. दोघांची गाठ पडली ती शाळकरी वयात, मिनेसोटा विद्यापीठातल्या 'अपवर्ड बाउंड' नावाच्या उपक्रमात. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना कॉलेजसाठी तयार करायला सरकारी पैशातून चालणारा हा कार्यक्रम. पुढे लुईसच्या 'फ्लाइट टाइम' या बँडमध्ये जॅम आला. एक कीबोर्डवर, दुसरा बेस गिटारवर.

आता याच शहरात त्या वेळी आणखी एक पोरगा होता. प्रिन्स. त्याचा पहिला अल्बम १९७८ साली आला, आणि त्यावर निर्मिती, संयोजन, रचना आणि वादन, सगळं प्रिन्सचं असं छापलेलं आहे. एकटा माणूस, सगळी वाद्यं, सगळे आवाज. हा माणूस अलौकिक होता याबद्दल वादच नाही. १९८१ साली त्याने फ्लाइट टाइममधली माणसं घेऊन मॉरिस डे या गायकाभोवती 'द टाइम' नावाचा बँड उभा केला. बँडचा पहिला अल्बम आला खरा, पण त्यातलं जवळजवळ सगळं वादन प्रिन्सने स्वतःच करून टाकलेलं. आणि वर निर्माता म्हणून 'जेमी स्टार' असं खोटं नाव! म्हणजे बँडची माणसं फोटोत, वाजवणारा पडद्याआड. मंचावर मात्र हीच मंडळी प्रिन्सच्या आधी उतरून धमाल उडवायची, इतकी की प्रिन्सला जड जायचं.

पुढचा किस्सा अमेरिकेतल्या संगीतवाल्यांना तोंडपाठ आहे. १९८३ च्या मार्चमध्ये प्रिन्सच्या दौऱ्यातून सवड काढून हे दोघे अटलांटाला गेले होते, एस.ओ.एस. बँड नावाच्या दुसऱ्याच एका चमूचं काम करायला. बाहेर काम करणं प्रिन्सला मंजूर नव्हतं. तिथे हिमवादळ आलं. (अटलांटात! मिनेसोटाच्या माणसांना अटलांटाच्या बर्फाने अडकवावं, हा दैवाचा विनोद इकडे राहणाऱ्यांनाच कळेल.) विमानं बंद, आणि सॅन अँटोनियोचा कार्यक्रम दोघांविना झाला. आधी दंड, मग हकालपट्टी.

हा किस्सा आजकाल प्रेरणादायी भाषणांत सांगितला जातो. बघा, नोकरी गेली म्हणून मोठे झाले, संकटात संधी वगैरे. माझा याला साफ विरोध आहे. हाकललं जाण्याने कोणी मोठं होत नाही. हाकललेल्यांपैकी बहुतेक जण हाकललेलेच राहतात, त्यांना भाषणात कोणी बोलावत नाही इतकंच. हे दोघे तरले कारण नोकरी गेली तेव्हा त्यांच्या हातात काम होतं आणि सोबतीला माणूस होता. ज्या कामापायी नोकरी गेली त्यातूनच 'जस्ट बी गुड टू मी' हे गाणं आलं. रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ताल-यंत्राचा संथ, जडसर ठोका, त्यावर लांबच लांब चालणारा बेस. आजही ऐकताना जुनं वाटत नाही. एकटा वादक असता तर सॅन अँटोनियोनंतर कदाचित माफी मागून परत गेला असता. दोघे होते म्हणून परत जावं लागलं नाही.

आणि इथे पहिली महत्त्वाची गोष्ट. या दोघांत लेखी करार नाही. हस्तांदोलन झालं, अर्धं-अर्धं ठरलं, विषय संपला, असं दोघांनी मुलाखतींतून अनेकदा सांगितलेलं आहे. चाल एकाची असो, शब्द दुसऱ्याचे असोत, एखादं गाणं एकाने रात्री एकट्याने बसून पूर्ण केलेलं असो, गाण्यावर नाव दोघांचं. ज्या देशात नवराबायकोसुद्धा लग्नाआधी वकिलाकडे जातात, त्या देशात, आणि फसवणुकीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या या धंद्यात, चाळीसहून अधिक वर्षं हे चाललंय.

आता तुम्ही म्हणाल, पैसा येत राहिला की कोणीही गोडीगुलाबीने राहतं. उलट आहे साहेब. पैसा नसताना भांडायला काही नसतं. शंकर-जयकिशन यांच्यात दुरावा आला तो हलाखीत नव्हे, साठच्या दशकात, ऐन शिखरावर असताना. आणि दुरावा इतका की दोघे आपापली गाणी वेगवेगळी करू लागले. तरी १९७१ साली जयकिशन गेल्यावर शंकरने उरलेली सगळी वर्षं संगीत दिलं ते 'शंकर-जयकिशन' याच नावाने. का? नुसतं बाजाराचं गणित म्हणून सोडून देऊ नका. त्या जोडनावात काहीतरी होतं, जे एकट्या शंकरच्या नावात नव्हतं, आणि ते सगळ्यात चांगलं शंकरलाच कळलेलं होतं. 'पारसमणी'पासून म्हणजे १९६३ पासून १९९८ मध्ये लक्ष्मीकांत जाईपर्यंत लक्ष्मीकांत-प्यारेलाल टिकले, त्याबद्दल मात्र आपण कधी चकित होत नाही. पस्तीस वर्षं! त्यांनी हे कसं निभावलं असेल हा प्रश्न मला चाल कोणाची यापेक्षा शंभरपट मोलाचा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. समान वाटणी हा जास्त राबणाऱ्यावर अन्याय नाही का? एका महिन्यात एकाने दहा गाणी केली, दुसऱ्याने दोन, तर पैसे आणि नाव सारखं कसं?

एका महिन्याचा हिशोब केलात तर अन्याय आहेच. पण हिशोब ठेवायलाही किंमत पडते, ही गोष्ट हिशोबी माणसं नेहमी विसरतात. प्रत्येक ओळीवर 'ही माझी' असा शिक्का मारायचा ठरला की माणूस दुसऱ्याची ओळ सुधारेनासा होतो, कारण सुधारून फायदा त्याला. स्वतःची कच्ची कल्पना दाखवेनासा होतो, कारण उद्या ती दुसऱ्याच्या नावावर जायची. तो आपली बाजू राखतो. भागीचं घोडं मरतं ते मालकी दोघांची असते म्हणून नव्हे. जखम धुताना 'आज पाळी कोणाची' हे दोघे मोजत असतात, म्हणून मरतं. जॅम आणि लुईस यांनी मोजणंच बंद केलं.

याचं सगळ्यात सुंदर फळ म्हणजे जॅनेट जॅक्सनचा 'कंट्रोल', १९८६. ती एकोणीस वर्षांची होती. जॅक्सन घराण्यातली धाकटी, आधीचे दोन अल्बम यथातथा, वडिलांच्या व्यवस्थापनाखालून नुकतीच बाहेर पडलेली. मिनियापोलिसला ये, पण अंगरक्षक आणि लवाजमा नको, असं या दोघांनी सांगितलं. पहिले काही दिवस काम नाहीच. फिरणं, खाणं, गप्पा. तिला वाटलं, हे सुरू कधी करणार? मग त्यांनी तिच्यासमोर शब्द ठेवले, आणि ते शब्द म्हणजे ती इतके दिवस जे बोलत होती तेच होतं. वडिलांचं घर, स्वतःच्या आयुष्याची दोरी स्वतःच्या हातात घेणं. हॉटेलबाहेर तिला रस्त्यावरच्या टोळक्याने छेडलं, त्यातून 'नॅस्टी' आलं.

आता बघा, नेहमीच्या पद्धतीत हे दोघे म्हणाले असते, पोरीने गप्पा मारल्या, गाणी आम्ही केली. तसं झालं नाही. गाण्यांच्या लेखनात तिचं नाव आलं, अल्बमवर सहनिर्माती म्हणून नाव आलं. आणि 'व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली' हे गाणं तर त्यांनी मुळात स्वतःच्या अल्बमसाठी राखून ठेवलेलं होतं. कंपनीच्या माणसाने आणखी एक गाणं हवं असा हट्ट धरला, तेव्हा ते काढून दिलं. पहिलं सिंगल तेच निघालं. पुढच्या वर्षी ग्रॅमीत वर्षातले सर्वोत्तम निर्माते म्हणून दोघांचा गौरव झाला. आणि जॅनेट १९८६ पासून २०१५ च्या 'अनब्रेकेबल'पर्यंत, मधला २००८ चा एक अल्बम सोडला तर, याच दोघांकडे परत परत येत राहिली.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख आरतीसारखा होईल. त्याच १९८६ साली इंग्लंडच्या शेफील्डचा 'ह्यूमन लीग' हा बँड यांच्याकडे आला. तो स्वतः गाणी लिहिणारा बँड. पण शेवटचा शब्द यांचा होता, आणि बँडने आणलेली बरीच गाणी यांनी बाजूला सारली. खटके उडाले, आणि काम पुरतं संपण्याआधीच बँड घरी निघून गेला. 'ह्यूमन' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण ते जॅम आणि लुईसचं गाणं होतं, पाहुण्यांचं नव्हे. एक अल्बम झाला, संबंध संपला. म्हणजे हे दोघे काही संत नाहीत. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. जिथे तिसऱ्याला वाटेकरी केलं तिथे तीस वर्षांचं काम झालं, जिथे नाही केलं तिथे एक हिट गाणं मिळालं. माझा मुद्दा त्यांच्या यशाइतकाच त्यांच्या या अपयशानेही सिद्ध होतो.

'कंट्रोल'नंतर कंपनीला 'कंट्रोल'चा दुसरा भाग हवा होता. या तिघांनी १९८९ साली दिला 'रिदम नेशन १८१४', ज्यात वंशभेद, बेघर माणसं, व्यसनं असले विषय. कंपनीची खात्री नव्हती. त्या एका अल्बमची सात सिंगल्स बिलबोर्डच्या पहिल्या पाचांत पोचली. तसं दुसऱ्या कुठल्या अल्बमला जमलेलं नाही.

आणि या अल्बमच्या शीर्षकगीताची एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्यातल्या इंजिनिअरला चैन पडणार नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या रेमंड चेन यांनी विंडोज एक्सपीच्या काळातला एक किस्सा लिहिला. एका मोठ्या संगणक कंपनीच्या लक्षात आलं की 'रिदम नेशन'चा व्हिडिओ लावला की त्यांचे काही लॅपटॉप बंद पडतात. इतकंच काय, शेजारच्या लॅपटॉपवर लावला तरी बंद पडतात! कारण सापडलं. त्या लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे फिरणारी हार्ड डिस्क होती, आणि गाण्यातली एक कंपनसंख्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी नेमकी जुळत होती. अनुनाद! शाळेत शिकलेलो, पुलावरून जाताना सैनिक पावलं का मोडतात, तेच. कंपनीने ती कंपनसंख्या गाळून टाकणारी चाळणी ध्वनीच्या मार्गात बसवली. या दोषाला सुरक्षा-त्रुटींच्या अधिकृत यादीत २०२२ चा क्रमांकही मिळाला.

आता सांगा, लॅपटॉप कोणी बंद पाडला? गाण्याने की डिस्कने? तेच गाणं दुसऱ्या डिस्कशेजारी वाजलं तर काही होत नाही. तीच डिस्क दुसऱ्या गाण्याने हलत नाही. साठ टक्के गाण्याने आणि चाळीस टक्के डिस्कने, असं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास करीन. परिणाम जुळण्यातून आला. जिथे परिणाम दोन गोष्टींच्या बेरजेतून न येता जुळण्यातून येतो, तिथे वाटणीचा प्रश्न विचारताच येत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही हे आपण रोज म्हणतो, आणि मग टाळीतला डाव्या हाताचा वाटा किती यावर परिसंवाद भरवतो!

संगीतापुरतं हे असतं तर मी इतका तावातावाने लिहिलं नसतं. पण माझ्या धंद्यात हाच प्रश्न रोज माणसं तोडतो. डॉक्टरेटच्या दिवसांत शेजारच्या एका प्रयोगशाळेत दोघे जण होते. एकाचं गणित पक्कं, दुसऱ्याचा हात यंत्रावर बसलेला. दोघे फळ्यासमोर उभे राहिले की बघत राहावं, एकाचं वाक्य दुसरा पुरं करायचा. मग शोधनिबंध लिहायची वेळ आली आणि प्राध्यापकांनी विचारलं, पहिलं नाव कोणाचं? प्रश्न रीतीचाच होता. पण त्या आठवड्यापासून दोघे स्वतंत्र वह्या करायला लागले. वहीत तारखा, वेळा, कोण काय बोललं याच्या नोंदी. निबंध छापून आला, पहिलं नाव एकाला मिळालं. पुढचं संशोधन, जे खरं मोठं होणार होतं, झालंच नाही. त्यांचं यंत्र प्लॅस्टिकच्या आवरणाखाली पडून राहिलं. हल्ली निबंधाच्या तळाशी चांदणी टाकून 'दोघांचं योगदान समान' असं छापतात, पण नोकरीच्या अर्जात ज्याचं नाव आधी तोच पहिला. कंपन्यांत तर दरवर्षी फॉर्म भरायचा असतो, या कामात तुमचा नेमका वाटा किती? भरतो आपण. खोटं भरतो, कारण खरं उत्तर लिहायला त्या फॉर्मात रकानाच नाही.

जॅम आणि लुईस यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम कधी आला माहीत आहे? २०२१ साली. ज्या अल्बमसाठी ठेवलेलं गाणं १९८६ मध्ये जॅनेटला दिलं, तो अल्बम पस्तीस वर्षांनी निघाला! आणि त्यातही गायला कोण? मराया कॅरी, बॉइज टू मेन, अशर, म्हणजे ज्यांच्यासाठी आयुष्यभर राबले तीच मंडळी. त्यात मॉरिस डेसुद्धा आहे, ज्याच्या बँडमधून यांना काढलं होतं तो. २०२२ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने दोघांना घेतलं, एकत्र, एकाच नोंदीत. तिथे तरी वाटणी करायची हिंमत कोणाला झाली नाही.

प्रिन्स मोठा नव्हता का? प्रचंड मोठा होता. पण तसा माणूस पिढीत एखादा होतो आणि त्याचं अनुकरण करायला गेलेल्या हजारांची माती होते. आपण मुलांना मात्र गोष्टी सांगतो त्या फक्त प्रिन्सच्या. एकट्याने केलं, सगळं स्वतः केलं, कोणाची मदत घेतली नाही. दोघांनी मिळून केलेल्या कामाची गोष्ट सांगायची वेळ आली की आपला आवाज संशयी होतो, आणि पोरं तो आवाज बरोबर ओळखतात. मग ती मोठी होऊन इथे येतात, हुशार असतात, वहीत तारखा लिहीत बसतात, आणि यंत्रावर प्लॅस्टिक चढतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी जोडीबद्दल 'खरा कोण' विचारलं, तर कृपा करून उत्तर देऊ नका. माहीत असलं तरी देऊ नका.